कडकरावांची पाठ

कडकराव हे नाव त्यांना लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की पगाराच्या खिडकीतला कारकूनसुद्धा त्यांचं खरं नाव वाचताना अडखळायचा. माणूस स्वभावानं मऊ मेण. कडक होती ती त्यांची इस्त्री. गावातली मोठी हॉटेलं, डॉक्टर, वकील, झाडून सगळ्यांचे कपडे त्या लाँड्रीत यायचे, आणि ज्या शर्टाच्या कॉलरनं गळा कापेल की काय अशी भीती वाटावी, तो शर्ट कडकरावांच्या टेबलावरून गेलाय हे घालणाऱ्यालाही कळायचं.

इस्त्रीची खोली लांबलचक. वाफेनं भिंती घामेजलेल्या, खिडक्यांच्या काचा बाराही महिने धुरकट, आणि छताखालून गेलेले पाइप दिवसभर सुस्कारे टाकत असायचे. त्या खोलीत कडकरावांचा नियम एकच. आधी पाठ, मग पोट. पोट म्हणजे शर्टाची पुढची बाजू. नवीन आलेली पोरगी हौसेनं पोट आधी करायला घ्यायची, कारण लोकांना दिसतं तेच. मग पाठ करायला शर्ट फिरवला की पुढचं सगळं चुरगळायचं, आणि वेळ संपत आली की पाठीवरून नुसता हात फिरवून शर्टाची घडी! कडकराव नेमका तोच शर्ट उचलायचे आणि उलटा करून उजेडात धरायचे.

"पुढून काय, कोणीही राजा दिसतो," म्हणायचे. "वरून कोट घातला की पाठ कोण बघतंय, असंच ना? आणि त्यानं कोट काढला म्हणजे? ही इस्त्री नाही बाळ, ही लबाडी आहे."

पोरगी रडवेली व्हायची. मग हेच तिला चहा पाजायचे, आणि पाठ कशी ताणून धरायची ते परत दाखवायचे.

तर अशा या माणसाचा उजवा खांदा गेला. जड इस्त्री वर्षानुवर्षं ढकलून आतला स्नायू जुन्या चादरीसारखा विरला होता, आणि एका सकाळी तो फाटलाच. ऑपरेशन झालं. त्यानंतर कुठून ताप आला, सूज आली, आणि खांदा असा आखडून बसला की हलायचं नावच घेईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मी सांगेपर्यंत इस्त्रीला शिवायचं नाही. घाई केलीत तर हा हात कायमचा गेला म्हणून समजा. मग शर्ट सोडा, भाजी ढवळायलासुद्धा डावाच हात."

बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस कामाला जायची. तिच्या पगारात घरभाडं भागलं तर नशीब, अशी गत. पण कामगार आजारी पडला तर त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा घरी पोचता करणारा एक आजारपण निधी होता. त्याचं नाव काढताच कडकराव उसळले.

"काम न करता पैसे? मी काय भिकेला लागलोय?"

शेवटी लाँड्रीतल्या सुपरवायझर बाई घरी आल्या. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच तोफ डागली. "भीक कसली हो? इतकी वर्षं दर पगारातून त्या निधीचं कापून जातंय. तेव्हा बरे गप्प होतात! आपलंच आपण घ्यायचं तर एवढं जड का जातंय?"

घेतलं बाबा एकदाचं. पण सरळ मनानं घेतील तर ते कडकराव कसले! जिन्यात कोणी विचारलं की म्हणायचे, "रजेवर आहे." बायको रोज विचारायची, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं, "ठीक." रात्री आडवं झालं की खांद्यात कोणीतरी ओला कपडा पिळावा तशी कळ उठायची, म्हणून ते खिडकीजवळच्या खुर्चीत उशा लावून बसल्या-बसल्या झोपायचे, आणि बायकोला सांगायचे, "तिथे वारा चांगला लागतो." दाराच्या वर कप्पी लावून दोरी सोडली होती. डाव्या हातानं दोरी ओढायची आणि उजवा हात हळूहळू वर न्यायचा, असा व्यायाम. तो करताना रेडिओ मोठ्यानं लावायचे, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून. बायकोला काय कळत नव्हतं? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं. ती रेडिओवर काय लागलंय ते ऐकायची.

अशात निधीच्या ऑफिसातून फोन आला. आजारपण लांबलंय, तेव्हा मंगळवारी सकाळी आमच्या तपासनीस बाई घरी येतील, त्या काय लिहितात त्यावर पुढचं ठरेल.

"म्हणजे त्यांना वाटलं तुम्ही बरे आहात, तर बंद?" बायकोनं विचारलं.

"बंद."

"मग कामावर जावं लागेल."

"जाईन की."

"आणि खांदा?"

कडकरावांनी रेडिओ लावला.

आता इथे आक्का आली. आक्का म्हणजे कडकरावांची थोरली बहीण. राहायला वरच्या मजल्यावर, पण तिचा अर्धा दिवस भावाच्या घरात आणि उरलेला अर्धा जिन्यात जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आयुष्याचं धोरण. परकं माणूस घरात येणार म्हटल्यावर तिनं पदर खोचलाच.

"केवढा हा पसारा! ती बाई बघेल तर काय म्हणेल?"

"आक्का, ती आजारपणच बघायला येतेय," बायको म्हणाली.

"आजारपण बघू दे. अब्रू कशाला बघायला हवी?"

आधी नुसता केर काढायचा ठरलं होतं. मग उशा लावलेली खुर्ची आक्काच्या डोळ्यांत खुपली. दवाखाना वाटतो, म्हणाली, आणि ती उचलून वर स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. खुर्ची गेली तर दारावरची दोरी तरी कशाला? फाशी घ्यायची तयारी दिसते. दोरी गेली. गळ्यात हात अडकवायची झोळी कपाटात गेली. खिडकीत ओळीनं मांडलेल्या औषधांच्या बाटल्याही गेल्या, पण कुठे गेल्या ते आक्कानं कोणाला सांगितलं नाही. बायको प्रत्येक वेळी "अहो आक्का, पण" एवढं म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिलाही आतून बरंच वाटत होतं. तिनं पडदे धुतले, ठेवणीतले कप काढले. संध्याकाळपर्यंत घर असं लख्ख झालं की त्यात कोणाला साधी शिंकसुद्धा आली असेल यावर विश्वास बसू नये.

आता बोला! आजार तपासायला माणूस येणार, म्हणून अख्ख्या घरानं मिळून आजार माळ्यावर टाकला. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा, तोही धुऊन पुसून, दुसरं कोणी मारून घेईल का?

पण खरा घोटाळा अजून व्हायचाच होता. तो मंगळवारी पहाटे झाला.

कडकरावांना त्यांचा ठेवणीतला मोतिया रंगाचा शर्ट घालायचा होता. धुतलेला होता, चुरगळलेला होता. बायको म्हणाली असती, मी फिरवते इस्त्री, पण त्या घरात इस्त्रीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता, आणि ऑफिसच्या माणसासमोर दुसऱ्याच्या हातची घडी मिरवायची? छे! बायको झोपेत असताना ते हळूच उठले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोंगडी अंथरली.

डाव्या हातानं इस्त्री धरली. कॉलर जमली. कफ जमले. आणि मग हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हिशोब करावा लागला, की अंगात बळ एका बाजूपुरतंच आहे. आधी पाठ केली तर पोट राहणार. आणि ती बाई तर समोरून बघणार.

कडकरावांनी पोट आधी केलं.

टेबलाच्या कडेला कापड पोटानं दाबून धरत, घामाघूम होत, डाव्या हातानं इंच इंच सरकत केलं, पण केलं सुरेख. मग शर्ट फिरवला. पाठ रुंद, ती ताणून धरायला दुसरा हात हवाच. उजवा हात पुढे नेला मात्र, अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार. अंधार गेला तेव्हा नाकात वास भरला होता, आणि पाठीच्या मधोमध इस्त्रीच्या टोकाएवढा तांबूस डाग पडला होता.

कडकरावांनी शर्ट भाजला! लाँड्रीत कोणी सांगितलं असतं तर बायकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

त्यांनी इस्त्री बंद केली. घोंगडी गुंडाळली. मग दुखरा हात आधी बाहीत घालून, भिंतीला टेकून, एकेक बटण डाव्या हातानं लावलं. आरशात पाहिलं. पुढून राजा दिसत होता.

तपासनीस बाई आल्या त्या जिने चढून धापा टाकतच. मध्यम वयाच्या, खांद्याला जड पिशवी, पायांत करकरणारे बूट. बोलायच्या कमी आणि बघायच्या फार. त्यांच्या कोटाच्या दोन्ही कोपरांवर सुरकुत्यांचं जाळं झालं होतं. एरवी कडकरावांचा जीव तिथेच अडकला असता. पण आज ते स्वतः भिंतीला पाठ लावून बसले होते, पोस्टाचं तिकीट चिकटवावं तसे.

"अरे, इकडे सोफ्यावर बस ना नीट," आक्का म्हणाली.

"इथेच बरं आहे."

बाईंनी पेन काढलं. "कसं आहे आता?"

आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "ठणठणीत!"

बायकोला ठसका लागला.

"म्हणजे तसं बरं आहे," कडकराव सावरले.

"झोप लागते का?"

"झोप?" आक्कानं उत्तर परस्पर ताब्यात घेतलं. "घोरतो नुसता! वर माझ्यापर्यंत ऐकू येतं."

"झोपता कुठे?"

"कुठे म्हणजे? पलंगावर. माणसं झोपतात तिथेच."

बाईंनी लिहून घेतलं. बायको घाईघाईनं म्हणाली, "बाई, त्यांचा हात वर जात नाही."

"जातो की थोडा," कडकराव म्हणाले.

"दाखवा बरं."

कडकरावांनी हात वर केला. थेट डोक्याच्या वर.

"उजवा," बाई म्हणाल्या.

उजवा जेमतेम कमरेच्या वर आला. कपाळावर घाम, तोंडावर हसू. "आज जरा कंटाळा करतोय," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं त्यांना कळलं होतं. काय लपवतोय ते मात्र त्यांना उलटं कळत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे कडकराव भिंतीला अजून चिकटले.

विषय बदलावा म्हणून बायकोनं बिस्किटांचा डबा उघडला. आत बिस्किटं नव्हती. आत खिडकीतल्या औषधांच्या सगळ्या बाटल्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिनं झटकन झाकण लावलं.

"बिस्किटं... संपलीत वाटतं."

आक्का छताकडे बघत होती. बाईंच्या नजरेतून तेही सुटलं नाही. त्या अगदी सहज म्हणाल्या, "शर्ट फार सुरेख आहे हो तुमचा. इस्त्री कोणी केली?"

बघा, काय वेळ असते! 'बायकोनं' एवढा एक शब्द पुरे होता. बायकोनं तर तोंड उघडलंही होतं, "मी..."

"मीच केली," कडकराव म्हणाले.

पेन थांबलं.

"कधी?"

"आज सकाळी."

"ज्या हातानं काम होत नाही म्हणून निधी मिळतोय, त्याच हातानं?"

डाव्या हातानं केली, म्हणावं तर पुढचा प्रश्न आलाच असता. पाठ कशी केलीत? कडकराव डाव्या हातानं कफ सारखा करत बसले. बाईंनी पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या.

"मला जे दिसलं तेच मी लिहिणार. मला तर तुम्ही कामावर जाण्यासारखे दिसताय."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. कडकरावांना डॉक्टरांचे शब्द आठवले. पुढच्या आठवड्यात ते टेबलापाशी उभे असणार होते, आणि त्यानंतर हा हात असून नसल्यासारखा. तरीसुद्धा, या माणसाला काय म्हणावं, डोक्यात पहिला विचार हाच आला की बाईंना दारापर्यंत सोडायला जायचं तर पाठ दिसणार!

म्हणून ते उठले, आणि भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखे तिरके तिरके दाराकडे सरकू लागले.

"हे काय चाललंय?" आक्का म्हणाली.

"दार उघडतो," कडकराव म्हणाले, आणि उजवा खांदा खाडकन दाराच्या मुठीवर आपटला.

तोंडातून जो आवाज निघाला तो झाकायला रेडिओ चालू नव्हता. ते दाराकडे तोंड करून मटकन खाली बसले. आणि सगळ्यांना पाठ दिसली. पुढून परीटघडीचा शर्ट, आणि मागे नुसतं चुरगळलेलं फडकं. मधोमध तांबूस डाग.

"अगं बाई, हे काय!" आक्का ओरडली.

बाईंनी पिशवी टाकली आणि खाली वाकल्या. "कुठे लागलं? आणि हे काय, भाजलंय की काय तुम्हाला?"

कडकरावांनी मान वर केली नाही. "बाई," ते म्हणाले, "मी लबाडी केली."

बाईंचा आवाज कडक झाला. "कसली लबाडी?"

"पोट केलं. पाठ केलीच नाही."

"काय?"

"तुम्ही समोरूनच बघणार म्हणून मी पोट आधी केलं. डाव्या हातानं. पाठ करायला गेलो तर उजवा हात येईचना. शर्ट भाजला. आयुष्यात मी कधी कापड भाजलं नाही हो. आणि तसाच घालून बसलो, तुम्हाला फसवायला."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. हा काय गुन्हा कबूल करतोय, हे त्यांना उमगेना. बायकोला हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती.

"बाई, हा माणूस उपाशी राहील," ती म्हणाली, "पण पाठ न करता शर्ट अंगात घालणार नाही. पाठ सोडली म्हणून ह्यांनी शिकाऊ पोरींना रडवलंय. आणि आज ह्यांनीच सोडली. आता तुम्हीच बघा त्यांचा हात कसा आहे ते."

बाई हळूच त्यांच्यासमोर जमिनीवर टेकल्या, कोटाची पर्वा न करता.

"हात किती वर जातो? खरं सांगा."

आणि कडकराव बोलायला लागले. किती दिवसांचं तुंबलेलं होतं कोण जाणे. "कमरेच्या वर नाही जात. जास्त गेला तर रात्रभर ठणकतो. कंगवा डाव्या हातानं फिरवतो. बटणं रोज ही लावते. आडवं झोपताच येत नाही, खुर्चीत बसून झोपतो. भीती वाटते मला. हा हात परत येईल की नाही, याची फार भीती वाटते."

"वारा लागतो म्हणायचात," बायको म्हणाली.

"कसला वारा? खिडकी तर बंद असते."

"माहीत आहे मला. रोज मीच लावते ती."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी डोळे पुसले ते हसून की कशानं, कोण सांगणार! "अहो, लोक जिन्यात माझे बूट वाजले की कण्हायला लागतात," त्या म्हणाल्या. "एकानं तर मला बघून घाईत चांगल्याच पायाला पट्टी बांधली होती. आणि तुम्ही! आजारी माणसाला धडधाकट करून दाखवणारं घर मी पहिल्यांदाच बघतेय. चला, आता काय काय लपवलंय ते काढा बाहेर."

मग जी वरात निघाली! आक्कानं लपवतानासुद्धा एवढी चपळाई दाखवली नव्हती. वरून उशांसकट खुर्ची आली, कपाटातून झोळी आली, पलंगाखालून दोरी आणि कप्पी आली, आणि बिस्किटांचा डबा बाईंच्या मांडीवरच उघडला गेला.

"आणि घोरतात ते?" बाईंनी विचारलं.

"ते खरं आहे," आक्का ताठ मानेनं म्हणाली. "फक्त खुर्चीत घोरतो."

बाईंनी दोरी ओढायला लावून हात कुठवर जातो ते पाहिलं, बाटल्यांवरची नावं वाचली, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. आधीचं पान त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं. "ठरवणार ऑफिस," त्या म्हणाल्या. "पण मी जे बघितलं ते सगळं लिहीन. पाठीसकट."

कडकरावांचा जीव भांड्यात पडला. एवढे महिने तो कुठे टांगलेला होता ते त्यांना खाली पडल्यावरच कळलं. ते खुर्चीत बसले, बायकोनं मागे उशी सरकवली, आणि त्यांनी परक्या माणसासमोर ती सरकवू दिली. बाईंनी चहा घेतला. जाताना कोटाचं सुरकुतलेलं कोपर पुढे करून म्हणाल्या, "ह्याचं काही होईल का हो?"

"होईल," कडकराव म्हणाले. "खांदा बरा झाला की आणा. आत्ता नाही जमायचं."

आत्ता नाही जमायचं! आक्कानं आणि बायकोनं एकमेकींकडे पाहिलं. हे शब्द त्या घरात नवे होते.

त्याच आठवड्यात ऑफिसातून फोन आला. डॉक्टर कामावर जा म्हणेपर्यंत निधी चालू राहील. फोन आक्कानंच घेतला, आणि ठेवला तो जिन्यातल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चालू आहे रे, चालू आहे!" झाकल्या मुठीचं धोरण बारगळलं ते बारगळलंच. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघून म्हणाला, "काय कडकराव, रजा वाढली वाटतं?"

"रजा नाही," कडकरावांनी कठड्यावरून सांगितलं. "आजारी आहे मी. हात जायबंदी आहे."

"अहो, मग सांगायचं नाही का आधी!" शिंपी म्हणाला. "येतो संध्याकाळी गप्पा मारायला."

दुपारी बायको शाळेतून आली ती तडक स्वयंपाकघरात गेली. टेबलावर घोंगडी अंथरली आणि तो मोतिया शर्ट काढला. डाग काही गेला नव्हता. तिनं इस्त्री तापवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. कडकराव खुर्चीत होते, हात झोळीत. त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलली, पण ते उठले नाहीत.

"आधी पाठ," एवढंच म्हणाले.

"माहीत आहे. आयुष्यभर ऐकतेय."

तिनं पाठ केली, मग बाह्या, मग पोट. वेळ लागला. झाल्यावर शर्ट दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरला, अगदी ते लाँड्रीत धरायचे तसाच.

"कशी झालीय?"

"छान."

"खरं सांगा."

कडकरावांनी डोळे बारीक केले. "डाव्या खांद्याखाली एक सुरकुती राहिलीय."

"परत फिरवू?"

"राहू दे."

बायकोनं शर्ट खुंटीला लावला, इस्त्री बंद केली आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. मग रोजचाच प्रश्न विचारला.

"कसं वाटतंय?"

"दुखतंय," कडकराव म्हणाले. "फार दुखतंय ग."

"हां, आता कसं!" ती म्हणाली, आणि तिनं त्यांचा दुखरा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला.